डोळे तयार होईपर्यंत

बारा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा सातवीची मुलं घेऊन आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याला मुक्कामी गेले, तेव्हा आमच्या सामानात दोन मोठे स्पीकर होते. शेकोटीसाठी लाकडं पुण्याहूनच भरून नेली होती. अंताक्षरी, नाटुकली, भुताच्या गोष्टी असा रात्री साडेअकरापर्यंतचा कार्यक्रम होता आणि तो अगदी ठरल्याप्रमाणे पार पडला. मुलं खूश, आम्ही शिक्षक खूश. सकाळी ज्यांच्या अंगणात तंबू होते ते बाबा चहाचा पेला हातात देताना म्हणाले, "रातच्याला भेकर आलं व्हतं पान्यावर. पार बांधापतुर आलं. आवाज आयकला आन् माघारी गेलं."

भेकर म्हणजे भुंकणारं लहानसं हरीण. बाबांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपण घरी नसताना कुणी भेटायला येऊन गेलं, तर शेजारी सांगतात तसं त्यांनी सांगितलं. पण मला तो चहा गेला नाही. सव्वाशे किलोमीटरहून जास्त अंतर तोडून, घाटात तीन मुलांच्या उलट्या निस्तरून आम्ही चौतीस मुलांना जंगलात आणलं होतं, आणि जंगल चालत आमच्यापर्यंत आलं तेव्हा आम्ही मोठमोठ्याने गाणी म्हणत होतो.

त्यानंतरच्या सहलींत स्पीकर नाही, शेकोटी नाही. कार्यक्रमपत्रिकेत रात्रीच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिते: अंधार.

पालकसभेत हा शब्द वाचला की दर वर्षी कुजबुज होते. यंदा एका आईने उभं राहून विचारलं, "बिबट्या आला तर?" तिचा आवाज थोडा कापत होता. मला अशा वेळी "काही होत नाही हो" म्हणणारे लोक आवडत नाहीत. काळजी खरी असते, तिला खरं उत्तर द्यावं. मी सांगितलं, की आंबेगाव-जुन्नरच्या पट्ट्यात बिबटे आहेत. म्हणूनच अभयारण्याच्या आत कुठेतरी तंबू ठोकून आम्ही राहत नाही, गावात राहतो, माणसांच्या अंगणात. अंधार पडल्यावर कुणीही मूल एकटं हलत नाही, शौचालयाला जायचं तरी दोन मुलं आणि एक मोठं माणूस. रात्रभर आळीपाळीने एक शिक्षक जागा. तंबूची चेन जमिनीपर्यंत लावलेली, कारण मण्यार रात्री ऊब शोधत अंथरुणात येते. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे. गाडी आणि ड्रायव्हर रात्रभर तिथेच, गाडीचं तोंड रस्त्याकडे, कारण सर्पदंशावर औषध एकच, प्रतिसर्पविष, आणि ते दवाखान्यातच मिळतं. कुठल्या दवाखान्यात आहे याची चौकशी आम्ही निघायच्या आदल्या दिवशी फोन करून पुन्हा करतो. सभा शांत झाली. त्या आईने वहीत सगळं लिहून घेतलं आणि मुलीला पाठवलं. तिचे मी मनापासून आभार मानते, कारण ती मुलगी या लेखात पुढे येणार आहे.

तारीख मी पंचांग बघून ठरवते. मार्गशीर्षातली अमावास्या जवळ हवी. पाऊस सरून आभाळ धुतलेलं असतं, थंडी असते, साप फारसे बाहेर नसतात आणि चंद्र मध्ये येत नाही.

नाशिक रस्त्याने मंचर, तिथून घोडेगाव, मग डिंभे धरणाची भिंत. या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत आडवा झालेला तो तरुण गिरणी कामगार याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते मूळ आंबेगाव याच पाण्याखाली आहे, हे सांगितलं की मुलं खिडकीतून पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. पुढे याच खोऱ्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. ही मुलं तेव्हा पाळण्यात होती. मी बसमध्ये माइक घेऊन उभी राहत नाही. फक्त गाडी थांबवायला सांगते, आम्ही खाली उतरतो, दोन मिनिटं डोंगराकडे बघतो आणि निघतो. डोंगर म्हणजे नुसता फोटो काढायची जागा नाही, एवढं मुलांच्या अंगावर येऊ द्यावं असं मला वाटतं.

आहुपे अगदी सह्याद्रीच्या काठावर आहे. गाव संपलं की पठार संपतं आणि पठार संपलं की कडा, खाली सरळ कोकण. वस्ती महादेव कोळ्यांची. आमचे बाबा आता सत्तरीपुढचे आहेत, त्यांची सून मुलांना जेवू घालते. मुलं तिला पहिल्या तासाभरातच मावशी म्हणायला लागतात. चुलीवर नाचणीच्या भाकऱ्या, हुलग्याची शेंगोळी, भात. घरी डब्यातल्या पोळीला नाक मुरडणारी मुलं इथे चुलीपुढे उकिडवी बसून भाकरी फुगण्याची वाट बघतात, आणि पहिली फुगलेली कुणाला यावर भांडतात. भूक लागणं ही गोष्टच त्यातल्या काहींना नवीन असते, कारण शहरात आपण त्यांना भूक लागूच देत नाही.

पाण्याचं मात्र सांगायलाच हवं. पहिल्या संध्याकाळी एक मुलगा हात धुवायला गेला आणि पिंपाखालची तोटी सुरू ठेवूनच साबण लावत बसला. मावशी धावत आल्या, काही बोलल्या नाहीत, तोटी बंद केली आणि हसल्या. नंतर मी त्याला मावशींबरोबर विहिरीवर पाठवलं. चढ फार मोठा नाही, पण भरलेला हंडा घेऊन तो वाढतो. या डोंगरावर पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि एप्रिल-मेमध्ये घोटभर पाण्यासाठी वणवण होते, कारण कातळावर पडलेलं पाणी थांबत नाही, उतारावरून खाली निघून जातं. तो मुलगा अर्धा हंडा घेऊन परत आला, उरलेला वाटेत सांडला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला पेलाभर पाण्यात तोंड धुताना बघितलं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

आणि मग ती रात्र.

जेवणं झाली की आम्ही मुलांच्या बॅटऱ्या गोळा करतो, एका पोत्यात. मोबाइल तर आणायचेच नसतात. शिक्षकांजवळच्या बॅटऱ्यांना लाल जिलेटिन कागद रबराने बांधलेला असतो. साधी बॅटरी फक्त माझ्याकडे, आणि तीही एकाच कामासाठी. बांधाशी गवतात उभं राहून मी ती डोळ्याशेजारी, कानापाशी धरते आणि जमिनीवर प्रकाश टाकते. गवतात हिरवट-निळे ठिपके लखलखतात. "दव!" मुलं एकदम म्हणतात. मग एकेकाला बॅटरी देते आणि सांगते, एका ठिपक्यावरची नजर हलवू नकोस, त्याच्याकडे चालत जा. पाच पावलं, सात पावलं, आणि मूल खाली वाकून किंचाळतं. दवाचा थेंब नसतो तो. नखाएवढा कोळी असतो, जाळं न विणता जमिनीवर हिंडून शिकार करणारा. आपण त्याला बघतोय आणि त्याचे डोळे आपला प्रकाश आपल्यालाच परत पाठवतायत. मग मूल मान वर करून सगळ्या शेताकडे बघतं. शेकडो ठिपके. एवढे जण आपल्याला बघत होते, हे कळण्याचा तो क्षण मी कधी चुकवत नाही.

त्यानंतर माझीही बॅटरी पोत्यात जाते.

गावाच्या दिव्यांकडे पाठ करून आम्ही कातळावर बसतो. दोन मुलांमध्ये हातभर अंतर. नियम एकच, बोलायचं नाही. भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरायचा. त्याहून जास्त वाटली तर माझ्याजवळ येऊन बसायचं, त्यात काहीही कमीपणा नाही.

पहिली दहा मिनिटं दर वर्षी सारखीच जातात. खुसखुस होते, कुणीतरी मुद्दाम भुताचा आवाज काढतं, कुणाला खोकला येतो. मग हळूहळू सगळं निवतं. शहरातल्या मुलाने अंधार बघितलेलाच नसतो, हे आधी लक्षात घ्यायला हवं. लाइट गेले तरी इन्व्हर्टर असतो, सोसायटीचा जनरेटर असतो, खिडकीतून रस्त्याचा दिवा आत येत असतो. चौदाव्या मजल्यावर राहणारी एक मुलगी मला म्हणाली होती, "ताई, आमच्याकडे रात्री केशरी असते." अगदी बरोबर शब्द होता तो.

यंदा एक मुलगा खरंच घाबरला. वर्गातला सगळ्यात दांडगा. तो गुपचूप सरकत माझ्यापाशी आला आणि माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसला. मी काही बोलले नाही. त्याचा श्वास जोरात चालला होता. पाचोळ्यात काहीतरी खसफसलं, तेव्हा त्याची मूठ घट्ट झाली. मी त्याच्या कानात सांगितलं, "एवढा आवाज करतो तो उंदीर. मोठं जनावर आवाज करत नाही." याने धीर येईल की जाईल याचा मी विचारच केला नव्हता. त्याने बहुधा केला असावा, कारण तो बराच वेळ पाचोळ्याकडे कान लावून होता, तो वाजत राहावा म्हणून.

मग वीसेक मिनिटांनी तो कुजबुजला, "ताई, माझा हात दिसतोय."

त्याने हात चेहऱ्यापुढे धरला होता. बोटं उघडत-मिटत होता. "मगाशी नव्हता दिसत. कुणी दिवा लावला?"

कुणीच लावला नव्हता. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात, रंग ओळखतात. अंधारात आलं की त्या आठ-दहा मिनिटांत जमेल तेवढं जुळवून घेतात आणि तिथेच थांबतात. खरं काम दंडपेशींचं. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य उजेडाने विरतं आणि अंधारात पुन्हा साठायला लागतं. त्याला वीस मिनिटं लागतात, अर्धा तास लागतो, कधी त्याहून जास्त. आणि मध्येच कुणी मोबाइल उघडला, बॅटरी मारली, की साठलेलं जातं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लाल उजेडाचा या द्रव्यावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून तो जिलेटिन कागद. हे मी मुलांना आधी शिकवत नाही. आधी हात दिसू देते, मग सांगते. त्या रात्री मी एवढंच म्हणाले, "तुझे डोळे तयार झाले." ओढणी त्याने सोडली नाही, पण मूठ सैल झाली.

याच्यावर माझा फार विश्वास बसला आहे. मुलांना अंधाराची भीती वाटते असं आपण म्हणतो, पण त्यांना अंधारात पुरेसा वेळ कुणी दिलेला नसतो. पाचव्या मिनिटाला मूल "भीती वाटते" म्हणतं आणि आपण मायेने दिवा लावतो. विसाव्या मिनिटाला काय होतं ते त्याला कधी कळतच नाही.

त्या अंधारात मग एकेक उलगडत गेलं. झाडांचे शेंडे आभाळापासून वेगळे झाले. कातळाची कड दिसायला लागली. खालच्या रानातून रातव्या पक्ष्याचा आवाज आला, एकसुरी, कुणीतरी लाकडावर ठोकल्यासारखा, थांबून पुन्हा. दूर घुबड बोललं. पश्चिमेला क्षितिजावर मळकट उजेड होता. एकाने विचारलं, सूर्य अजून मावळला नाही का? मी म्हटलं, कोकणात खाली मुरबाड, त्यापलीकडे कल्याण, ठाणे, मुंबई. तो त्यांचा उजेड. मुलं त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. आपण कुठून आलो ते इतक्या लांबून कधी कुणी त्यांना दाखवलं नव्हतं.

पूर्वेला मृग वर आला होता. चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्याच रेषेत खाली बाण मारणारा व्याध, लखलखीत. वर रोहिणी, तांबूस. त्याच्याही वर कृत्तिकेचा पुंजका. कृत्तिका मोजायला सांगितल्या. सरळ रोखून बघितलं की त्या पुसट होतात, किंचित बाजूला बघितलं की उमटतात, कारण नजरेच्या नेमक्या मध्यभागी दंडपेशी नसतातच. बहुतेकांना सहा दिसल्या. एकीला आठ. ही तीच, जिच्या आईने बिबट्याबद्दल विचारलं होतं. तिने तीनदा मोजल्या, तीनदा आठ. मग ती माझ्याजवळ आली आणि तिने विचारलं, "ताई, हे रोज असतं?"

"काय?"

"हे सगळं. आवाज, तारे. आपण नसतो तेव्हापण?"

मी हो म्हणाले. ती परत आपल्या जागी जाऊन बसली. या प्रश्नासाठी मी बारा वर्षं इथे येते आहे असं मला त्या क्षणी वाटलं, आणि आज हे लिहितानाही वाटतं आहे.

भेकर आलं की नाही? पाण्यावर कुणी दिसलं नाही. पहाटे चारच्या सुमाराला माझी जागायची पाळी होती तेव्हा खालच्या रानातून कुत्र्यासारखा एक खणखणीत भुंकार आला, मग दुसरा. भेकरच. बाबाही घराच्या ओट्यावर येऊन उभे होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं, बोललो नाही.

सकाळी बाबा आम्हाला देवराईत नेतात. देवाच्या नावाने राखलेलं रान. चपला बाहेर. आत शिरलं की थंडी एकदम वाढते आणि पायाखाली पाचोळ्याची गादी लागते. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा, आणि या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या, मांडीएवढ्या जाड वेली. माधव गाडगीळ आणि वर्तक या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास करून लिहिलं, तेव्हा शहरातल्या लोकांना त्यांचं मोल कळलं. गावाला ते आधीपासून ठाऊक होतं. इथलं वाळलेलं लाकूडही सरपणाला नेत नाहीत. आमच्यातल्या एकाने बाबांना विचारलं, "पण ते तर मेलेलं झाड आहे, नेलं तर काय झालं?" बाबा म्हणाले, "माझ्या आज्यानं न्हेलं नाय. बापानं न्हेलं नाय. आता मी कशापायी न्हेऊ?" मुलाला हे उत्तर पुरलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो तो प्रश्न घेऊनच घरी गेला असेल तर बरंच आहे.

हिरड्याच्या झाडाखाली मी मुलांना दर वर्षी थांबवते. उन्हाळ्याच्या तोंडाशी याची कोवळी फळं काढून वाळवतात, तो बाळहिरडा. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत वर्षभरात हाती येणारा रोख पैसा त्यातूनच येतो. मी विचारते, तुमच्यापैकी कुणाकुणाला आजीने बाळगुटी दिली होती? हात वर होतात. वेखंड, जायफळ, हळकुंड आणि हिरडा, सहाणेवर एकेक वेढा उगाळून. मग मी सांगते की तुम्हाला एक दातही नव्हता तेव्हा या झाडाचं फळ तुमच्या जिभेला लागलेलं आहे. यंदा हे ऐकल्यावर दांडगा मुलगा पुढे झाला आणि त्याने झाडाच्या खोडावर तळहात टेकवला. बाकीचे हसले नाहीत. रांगेने एकेक जण येऊन हात टेकवून गेला.

शेकरू दिसलं तेही तिथेच. राज्यप्राणी म्हणून परीक्षेला सगळ्यांना पाठ होतं, पण खार म्हटल्यावर मुलांच्या मनात बागेतली खार असते. ही शेपटीसकट दोन हात लांब, पाठ तांबूस, पोट पिवळसर, आणि जमिनीवर न उतरता वरच्या वर जाणारी. एका फांदीवरून तिने झेप घेतली, मधल्या रिकाम्या जागेत लांबलचक ताणली गेली आणि पलीकडच्या आंब्यावर उतरली. मुलं माना वर करून तोंड उघडी टाकून उभी. या उड्यांसाठी झाडांचे शेंडे एकमेकांपासून फार लांब असून चालत नाही. मध्ये चार झाडं गेली की शेकरूचा रस्ता तुटतो. भीमाशंकरचं हे अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः याच प्राण्यासाठी.

परतीच्या प्रवासात सगळी झोपली. शाळेत पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. पालक फाटकाशी उभे, मैदानावरचा मोठा दिवा चालू. मी हजेरी घेत होते, तेवढ्यात लक्षात आलं की सात-आठ मुलं दिसत नाहीत. शोधत गेले तर पाण्याच्या टाकीमागे, जिथे दिव्याचा उजेड पोचत नाही, तिथे ती भिंतीला पाठ लावून बसली होती. गप्प. माना वर. दांडगा मुलगा पण होता.

मागून, आठ कृत्तिका मोजणाऱ्या मुलीची आई मोबाइलची बॅटरी लावून शोधत आली. "अगं, इथे काय करतेस? चल, बाबा गाडीत थांबलेत."

मुलीने डोळ्यांवर हाताचा आडोसा केला. "आई, बंद कर ना ती. अजून डोळे तयार झाले नाहीत."

आईने माझ्याकडे बघितलं. मग बॅटरी बंद केली आणि मुलीशेजारी उभी राहिली.

"किती दिसतायत?" मी विचारलं.

"तीन," ती म्हणाली. "थांबा, ताई. अजून दहाच मिनिटं झालीत."